रोज वीस किलोमीटर सायकल, तरी काटा हलत का नाही?

प्रश्न : मी ४६ वर्षांचा, राहणार नाशिक. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८२ किलो. गेले तीन महिने सोमवार ते शुक्रवार रोज वीस किलोमीटर सायकल चालवतो. पहाटे उपाशीपोटी निघतो, परत येतो तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका घाम आलेला असतो. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेतो, रात्रीचा भात सोडला, साखरेऐवजी गूळ सुरू केला. व्यायाम वाढला म्हणून बदाम-खजूर वाढवले. रविवारी ग्रुपबरोबर त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो आणि शेवटी मिसळ असतेच. एवढं करून वजन उतरलं फक्त ७०० ग्रॅम, पोट तर होतं तसंच. माझं चुकतंय कुठे? की सायकलने वजन उतरतच नाही?

उत्तर : आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. सायकलने वजन उतरतं. फक्त आपल्याला वाटतं तितक्या झपाट्याने नाही, आणि पुष्कळदा वाटतं त्या कारणानेही नाही. तुमची मेहनत पत्रातूनच दिसते. दिसत नाही तो हिशेब, तेव्हा तो मांडू.

सपाट रस्ता, साधी सायकल, ताशी सोळाएक किलोमीटरचा वेग आणि तुमचं वजन धरलं, तर वीस किलोमीटरला साधारण ३५० ते ४५० कॅलरी खर्च होतात. आपण सोयीसाठी ४०० धरू. तुमच्या मोबाइलमधलं अ‍ॅप कदाचित सहाशे-सातशे दाखवत असेल. त्याने हुरळून जाऊ नका. त्या सव्वा तासात तुम्ही खुर्चीत बसून पेपर वाचला असता तरी शरीराने श्वासोच्छ्वास, हृदयाचे ठोके, शरीराची ऊब यांसाठी शंभरेक कॅलरी खर्च केल्याच असत्या. बरीच अ‍ॅप तीही रक्कम सायकलच्या खात्यात जमा दाखवतात.

आकडा इतका कमी कसा, हे समजायचं तर सायकल हे यंत्र किती काटकसरी आहे ते पाहावं लागेल. तुमचा भार सीट आणि चाकं उचलतात, पायांना फक्त पुढे ढकलायचं असतं. त्यामुळे तेवढंच अंतर चालत गेलात तर सायकलच्या दुप्पट-तिप्पट कॅलरी लागतात. मग चालावंच का नाही? जरूर चालावं. पण वीस किलोमीटर रोज चालायला चार तास हवेत, आणि ८२ किलोच्या माणसाने एकदम पळायला सुरुवात केली तर गुडघे तक्रार करतात. सायकलवर तासभर दम लागेल असा व्यायाम गुडघ्यांना फारसा न दुखवता होतो. सायकलची खरी किंमत तिथे आहे.

वाटेत चढ लागला की खर्च वाढतो. तुम्ही आणि सायकल मिळून ९५-१०० किलो होता. एवढं वजन १०० मीटर उंच चढवायला सपाटीच्या खर्चावर साधारण आणखी १०० कॅलरी लागतात. उतारावर मात्र पाय थांबतात आणि त्यातला काही भाग परत जातो. वेग वाढवला तरी खर्च वाढतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून ताशी १६ वरून २२ वर गेलात तर तेवढ्याच अंतराला चांगला जास्त जोर लागतो.

आता दुसरी बाजू. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरींचा साठा. शुद्ध चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी असतात, पण शरीरातल्या चरबीच्या पेशींत थोडं पाणी वगैरेही असतं, म्हणून आकडा ९,००० च्या खाली येतो. तुमचे आठवड्याचे पाच दिवस म्हणजे २,००० कॅलरी. तीन महिन्यांचे तेरा आठवडे धरले तर २६,००० होतात. कागदावर तुमचं वजन सव्वातीन-साडेतीन किलोने उतरायला हवं होतं. उतरलं ७०० ग्रॅम. म्हणजे अडीच किलोहून जास्त कुठेतरी मधल्या मध्ये गायब झाले.

ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम बदामांत पावणेदोनशे कॅलरी असतात. चार-पाच खजूर म्हणजे सव्वाशे-दीडशे. मोठा चमचाभर मधाच्या साठ. बेरीज करा, पावणेचारशे होतात. वीस किलोमीटरची कमाई घरात पाऊल टाकल्यापासून अर्ध्या तासात स्वाहा. बदाम वाईट नाहीत, खजूरही नाही. पण 'पौष्टिक' म्हणजे 'कितीही खाल्लं तरी चालतं' असा अर्थ आपण परस्पर लावून घेतो. त्यात सायकल चालवून आलेल्या माणसाला आज आपण कमावून आलोय, खायचा हक्क आहे, असं वाटतंच. भुकेपेक्षा हा हक्कच जास्त खायला लावतो.

मध-लिंबाने चरबी 'वितळते' हा समज तर अमर आहे. कोमट पाण्यात लिंबू पिळून खुशाल घ्या, पोटाला बरं वाटतं. त्यात घातलेला मध ही साखरच. तसंच गुळाचं. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. गुळात थोडी खनिजं जास्त असतात हे खरं, पण चहात दोन चमच्यांऐवजी तीन चमचे गूळ पडत असेल तर या अदलाबदलीत घाटाच झाला.

भाताला आपल्याकडे उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. वाटीभर शिजलेल्या भाताच्या दोनशेच्या आत कॅलरी होतात. तेल लावून केलेली एक मोठी पोळी सव्वाशे-दीडशेला पोचते. रात्रीचा भात बंद केला आणि त्या जागी दीड पोळी वाढली, तर शरीराच्या दृष्टीने काहीच घडलं नाही. भात खायचा तर खा, वाटीने मोजून घ्या आणि ताटात त्याच्याहून मोठी जागा वरण, उसळ आणि भाजीला द्या.

खरा लपलेला मामला तेलाचा आहे आणि तो ताटात पाहून कळत नाही. त्यासाठी डबा पाहावा लागतो. समजा, घरात चार माणसं आहेत आणि महिन्याला पाच लिटरचा एक डबा संपतो. माणशी रोज ४० मिलिलिटरहून थोडं जास्त तेल झालं, म्हणजे साडेतीनशेच्या जवळपास कॅलरी. हाच डबा तीन लिटरवर आणला तर माणशी रोज २५ मिलिलिटर होतं आणि सुमारे १४० कॅलरी वाचतात. आठवड्याला जवळजवळ हजार, म्हणजे तुमच्या पाच दिवसांच्या सायकलिंगच्या निम्म्या. तळणीचं उरलेलं तेल टाकून दिलंत तर आकडा थोडा कमी होईल, पण दिशा तीच राहील. शिवाय यात घरातल्या चौघांचंही भलं होतं, सायकल चालवणाऱ्या एकट्याचं नव्हे. फोडणीला तेल बाटलीतून ओतू नका, चमच्याने घाला. एवढ्या एका सवयीने डबा किती दिवस जास्त पुरतो ते घरातल्या कर्त्या व्यक्तीला महिनाभराने विचारा.

आता रविवार. मिसळीबद्दल वाईट लिहून नाशिककरांचा रोष ओढवून घेण्याची माझी इच्छा नाही, पण हिशेब टाळताही येत नाही. हे आकडे ढोबळ अंदाज आहेत, प्रत्येक ठिकाणचा हात वेगळा. मटकीची उसळ शंभरेक कॅलरींची. तिच्यावर तरीतून येणारं दोन मोठे चमचे तेल, सव्वादोनशे. पन्नास ग्रॅम फरसाण, पावणेतीनशे. दोन पाव, सव्वादोनशे. वर जिलबीची दोन वेढी, दीडशे ते दोनशे. एकूण हजाराच्या घरात, आणि पापड, दही, चहा अजून यायचेत. गंमत बघा, या सगळ्यात बदनाम होते मिसळ, आणि त्यातली मटकी मात्र बिचारी निर्दोष. प्रथिनं तिच्यात, चोथा तिच्यात. वजन वाढवणारी मंडळी तिच्याभोवती जमलेली असतात.

तरी न्यायाने बोलायचं तर त्र्यंबकला जाऊन-येऊन साठाच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणजे हजार-बाराशे कॅलरी. घरी थांबला असतात तरी पोहे खाल्लेच असते, त्याचे तीनशे वजा करायला हवेत. तेव्हा रविवारची फेरी तोट्यात जात नाही. फरसाण वेगळं मागा, तरी वरून थोडी, एक पाव, जिलबी चौघांत एक. मिसळ सोडायची गरज नाही. गडबड होते ती त्यानंतर. घरी येऊन भरपेट जेवण, मग संध्याकाळपर्यंत ताणून झोप.

ही झोप दिसते त्यापेक्षा महाग पडते. पहाटे दमून आलेला माणूस उरलेल्या दिवसात नकळत हालचाल कमी करतो. जिन्याऐवजी लिफ्ट, कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही स्कूटर, 'आज व्यायाम झालाय' हे वर. शरीरही आतल्या आत काही खर्चांना कात्री लावतं, असं संशोधक मानतात. मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार-संकलन करून जगणाऱ्या लोकांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज मैलोन्मैल चालणाऱ्या या माणसांचा एकूण खर्च, शरीराच्या आकाराचा हिशेब घेतल्यावर, बैठं काम करणाऱ्या पाश्चात्त्य माणसांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. व्यायाम फुकट जातो असा याचा अर्थ नाही. व्यायामात जळालेली प्रत्येक कॅलरी वजनातून वजा होईलच असं नाही, एवढाच अर्थ. म्हणून नुसत्या सायकलवर भिस्त ठेवणारे बहुतेक जण तुमच्यासारखेच चक्रावतात.

घामाबद्दल. शर्ट भिजला म्हणजे चरबी वितळली, या समजापोटी काही जण भर उन्हाळ्यात विंडचीटर घालून सायकल चालवतात. घाम म्हणजे अंग थंड ठेवायची व्यवस्था. त्यात गेलेलं पाणी दोन तांब्यांत परत येतं. चरबी जाते कुठे याचं उत्तर ऐकून तुम्हाला हसू येईल. ती नाकातोंडावाटे जाते. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीअरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी २०१४ मध्ये हा हिशेब मांडला. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून बाहेर पडतात आणि उरलेल्या १.६ किलोंचं पाणी होतं. म्हणून मुद्दाम भराभर श्वास घेत बसू नका, त्याने चक्कर येईल. श्वास वाढावा तो पायांनी मागितला म्हणून.

उपाशीपोटी सायकलिंगचं कोडंही असंच. पोट रिकामं असेल तर त्या तासात चरबीचा वाटा जास्त जळतो, हे बरोबर. पण नंतर खाल्लं की उरलेल्या दिवसात शरीर तो वाटा कमी करतं, आणि एकूण खाणं सारखं असेल तर वजनात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. तासाभराच्या फेरीसाठी उपाशी निघायची सवय असेल तर हरकत नाही. त्र्यंबकला मात्र रिकाम्या पोटी जाऊ नका. एखादं केळं खाऊन निघा. ज्यांना वाटेत भुकेने कापरं भरतं, तेच नंतर पाव मोजायचं विसरतात.

आता पोट. ठरावीक व्यायामाने ठरावीक जागेची चरबी जात नाही. पाय सायकल मारतात म्हणून मांड्याच बारीक होतील असं नाही, आणि पोट आवळून धरल्याने पोटही जाणार नाही. चरबी सगळीकडून थोडी थोडी निघते, कुठून आधी हे आपल्या हातात नसतं. पण आपल्या लोकांनी पोटाकडे जरा जास्तच लक्ष द्यावं, याला एक कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे वजनकाट्याने भारतीय माणसाचं पूर्ण खरं कळत नाही. म्हणूनच आपल्याकडचे डॉक्टर पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर कमरेचा घेर ही धोक्याची रेषा मानतात, आणि बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेला की वजन जास्त म्हणतात. तुमचा २८ च्या वर आहे, तेव्हा काळजी रास्त आहे.

काटा आणखी एका बाबतीत फसवतो. नियमित व्यायाम करू लागल्यावर स्नायू पिष्टमय पदार्थांचा साठा वाढवतात आणि त्या साठ्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. त्यामुळे सुरुवातीला वजन किलोभर वरही जाऊ शकतं. उलट, कडक डाएट सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरल्याच्या ज्या कहाण्या ऐकता, त्यात बव्हंशी हेच पाणी गेलेलं असतं. तेव्हा रोज काट्यावर उभं राहून मूड घालवू नका. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, आणि सोबत शिंप्याची टेप. बेंबीच्या पातळीला घेर मोजा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. इथे कुणाला फसवायचं आहे?

मग खायचं काय? नवं काही आणायला नको. ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं (तेल आवरून), उसळी, पालेभाजी, ताक, अंडी, मासे, चिकन. प्रौढ माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं असा आपल्याकडचा संदर्भ आहे. तुमच्या वजनाला ते अडुसष्टच्या आसपास जातात, आणि वजन उतरवताना याहून थोडी जास्तच बरी, कारण पुरेशी प्रथिनं नसली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. सायकलने फक्त पायांना काम मिळतं, हाडांवर भार तर जवळजवळ पडतच नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस जोर-बैठका घाला. आजोबांच्या काळचा हा व्यायाम आजही चोख काम करतो.

बिस्किटं, चिप्स, पाकीटबंद फरसाण मात्र घरात आणूच नका, असं मी ठामपणे म्हणेन. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेल्या केव्हिन हॉल यांनी वीस जणांवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. हवं तेवढं खा, अशी मुभा. पहिल्या प्रकारच्या जेवणात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली. तुमच्या सायकलफेरीहून जास्त, आणि तीही न कळत.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. सायकल चालू ठेवा, रोजच्या बदाम-खजुराचा वाटा एक तृतीयांशावर आणा, मध बंद, तेलाचा डबा तीन लिटरवर, संध्याकाळी अर्धा तास पायी. कागदावर आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त तूट निघते. शरीराची काटकसर धरून प्रत्यक्षात तीनशे-चारशे ग्रॅम उतरले तरी उत्तम समजा. पुढे वेग मंदावेल, कारण हलकं शरीर कमी खर्च करतं. सायकलचा खरा उपयोग तेव्हा दिसतो. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जाते. तेरा-चौदा किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या हजारो माणसांची तिच्यात माहिती आहे. त्यातले नव्वद टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. उतरवायचं काम मुख्यतः ताट करतं, उतरलेलं परत येऊ न देण्याचं काम सायकल.

एक सूचना आधीच द्यायला हवी होती, ती इथे देतो. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील, रक्तदाबाचं औषध असेल किंवा चढावर छातीत दडपल्यासारखं होत असेल, तर यातलं काहीही बदलण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांशी बोला. साखर कमी करणाऱ्या काही औषधांवर असताना उपाशीपोटी सायकल चालवणं धोक्याचं आहे, आणि असं औषध आपल्याला दिलेलं आहे का, हे डॉक्टरच सांगू शकतील.